पांढरा टेनिस शू: नंबर आठ की साडेआठ?

प्रश्न थोडक्यात असा. पायाची लांबी २६.२ सेंमी, चवडा रुंद (१०.६ सेंमी), धावायला अदिदासचे यूके साडेआठ नंबरचे शूज वापरात आहेत. आता जीन्सवर, चिनोजवर आणि शुक्रवारी ऑफिसलाही चालेल असा जुन्या धाटणीचा पांढरा टेनिस शू घ्यायचा आहे. अदिदास स्टॅन स्मिथ, रिबॉक क्लब सी आणि नायकी किलशॉट यांतला कुठला, आणि कुठल्या नंबरचा?

उत्तर आधी देतो. या पायाला चामड्याचा क्लब सी ८५, यूके ८. स्टॅन स्मिथच आवडत असेल तर तोही यूके ८, पण अस्सल चामड्याचा असेल तरच. किलशॉट नको. आणि साडेआठ तर यांतल्या कशातच नको, जरी आज पायात साडेआठच असला तरी.

आता कारणं. पहिला घोटाळा होतो तो धावायच्या शूजवरून नंबर काढल्यामुळे. धावताना पाय सरळ पुढे जातो आणि बोटं पुढे सरकतात, म्हणून त्या शूजमध्ये बोटांपुढे जास्त जागा ठेवतात, वरचं कापड जाळीदार आणि ताणलं जाणारं असतं. बरेच जण त्यात मुद्दाम अर्धा नंबर मोठा घेतात, आणि ते बरोबरच आहे. टेनिसचा शू मुळात आडव्या हालचालीसाठी बनलेला. खेळाडू बाजूला झेपावून थांबतो तेव्हा पाय शूच्या भिंतीवरून बाहेर घसरू नये म्हणून तळ सपाट, पाय जमिनीलगत आणि बाजू घट्ट. आज तो घालून कोणी बॅकहँड मारत नाही, पण फर्मा, म्हणजे ज्यावर शू घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा, त्याच वळणाचा राहिला. त्यामुळे करंगळीच्या बाजूला जागा कमी, टाचेला पकड जास्त आणि लांबी मात्र पुरेशी. धावायच्या शूजचा नंबर इथे आणला की लांबी जास्त होते आणि रुंदीचं दुखणं तसंच राहतं.

दुसरा घोटाळा नंबराचाच. यूके पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.४७ मिमी. अर्धा नंबर म्हणजे ४.२ मिमी. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे ६.६७ मिमी. दोन्हींचं माप एकमेकांत बसत नाही, म्हणून अदिदासच्या डब्यावर ४१ १/३, ४२, ४२ २/३ असे विचित्र अपूर्णांक दिसतात. यूकेचा अर्धा नंबर युरोपीय नंबराच्या साधारण दोन तृतीयांश येतो, एवढंच त्याचं गुपित. भारतात दुकानात ‘आठ नंबर’ म्हटलं की यूके आठ समजतात. पण हा यूके आठ प्रत्येक कंपनीचा वेगळा. अदिदासचा यूके ८ म्हणजे युरोपीय ४२ आणि २६.५ सेंमी. नायकीचा यूके ८ म्हणजे ४२.५ आणि २७ सेंमी. रिबॉकचा यूके ८ म्हणजे ४२ आणि २७ सेंमी. कॉन्व्हर्स तर यूके आणि यूएस नंबर एकच धरते, त्यामुळे तिचा यूके ८ म्हणजे ४१.५ आणि २६.५ सेंमी.

म्हणून जिभेच्या आतल्या लेबलवर पाहायचा तो सेंमीचा, म्हणजे जपानी, आकडा. काही लेबलांवर तो मिलिमीटरमध्ये असतो, २६५ किंवा २७० असा. एका कंपनीतून दुसरीत जाताना हाच एक धागा हाती राहतो. अमेरिकेहून येणाऱ्या भावाला किंवा मावशीला ‘आठ नंबर आण’ असं सांगणं म्हणजे हमखास फसगत: यूएस पुरुषांचा ८ हा नायकीत यूके ७ असतो आणि अदिदासमध्ये यूके साडेसात. सेंमी सांगा, मॉडेलचं नाव सांगा, आणि लेबलचा फोटो मागवा. यूएस महिलांचे नंबर पुरुषांच्या नंबरांहून बहुतेक कंपन्यांत एक किंवा दीडने जास्त असतात. हे मॉडेल स्त्री-पुरुष दोघांसाठी विकतात तेव्हा डब्यावर कुठला आकडा छापलाय ते पाहूनच ऑर्डर द्यायची.

तुम्ही लांबी २६.२ दिलीत, ती कशी मोजली हे कळलं नाही, म्हणून पद्धत सांगतो. मोजायचं संध्याकाळी, कारण दिवसभराच्या उभं राहण्याने पाय काही मिलिमीटर वाढतो. जे मोजे शूजबरोबर घालणार तेच घालून. ए-फोर कागद जमिनीवर, त्याची कड भिंतीला भिडवून. आपल्याकडे भिंतीला खाली टाइलची पट्टी असते आणि ती भिंतीपेक्षा सेंटिमीटरभर पुढे असते. कागद त्या पट्टीलाच भिडलेला हवा आणि टाचही तिलाच. दोन्ही पायांवर वजन टाकून सरळ उभं राहायचं. खाली वाकून स्वतःच खूण केली की वजन पुढे जातं आणि टाच सुटते, तेव्हा खूण दुसऱ्या कोणाला करू द्या. पायाभोवती पेन्सिल फिरवून आकृती काढू नका. पेन्सिल तिरपी होऊन पायाखाली शिरते आणि तीन ते पाच मिलिमीटर कमी भरतात, शिवाय टाचेचा फुगवटा जमिनीपासून थोडा वर असतो, तो आकृतीत येतच नाही. त्यापेक्षा एखादा चौकोनी डबा बोटांना टेकवून त्याच्या कडेने रेघ मारा. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट पुढे असतं. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा.

रुंदीसाठी चवड्याच्या दोन्ही बाजूंना दोन जाड पुस्तकं उभी टेकवायची, अंगठ्यामागचा हाडाचा उंचवटा आणि करंगळीमागचा उंचवटा यांना स्पर्श होईल अशी. मग पाय काढून पुस्तकांमधलं अंतर मोजायचं. तुमचे १०.६ असे आले असतील तर रुंदी भागिले लांबी ०.४० भरते. हा काही वैद्यकीय नियम नाही, कामचलाऊ आडाखा आहे: ०.३८ च्या आसपास असेल तर बहुतेक सर्व मॉडेल चालतात, ०.४० आणि पुढे गेलं की मॉडेल निवडून घ्यावं लागतं. आपल्याकडे हा प्रकार नवलाचा नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात लाखाहून अधिक लोकांच्या पायांचं मोजमाप केलं, त्यातही भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचं निघालं. वर्षानुवर्षं चप्पल वापरलेल्या पायात अनेकदा चवडा पसरट आणि टाच मात्र सडपातळ असते. हीच जोडी शूजच्या दुकानात सगळ्यात जास्त त्रास देते, कारण चवड्याला बसेल असा शू टाचेला सैल होतो.

रुंद पायावरचा दुकानातला ठरलेला उपाय म्हणजे ‘सर, अर्धा नंबर मोठा घ्या’. पूर्ण नंबर वाढला की फर्म्याचा चवड्याभोवतीचा घेर सुमारे ६ मिमी वाढतो. अर्ध्या नंबराला तीन. तीन मिलिमीटर घेर म्हणजे प्रत्यक्ष रुंदीत एखाद-दीड मिलिमीटर. त्यासाठी लांबीत चार मिलिमीटरची भर पडते आणि त्याहून वाईट म्हणजे शू वाकण्याची जागा पुढे सरकते.

ही जागा जरा जवळून पाहण्यासारखी आहे. शू हातात घेऊन टाच आणि टोक धरून हलकेच वाकवा. तो एका ठराविक रेषेवर वाकतो. तुमचा पाय वाकतो अंगठ्याच्या मागच्या सांध्यावर. शू पायात असताना ही रेषा आणि तो सांधा एकावर एक आले तर सुरकुती चवड्यावर आडवी आणि बारीक पडते. शू मोठा असेल तर त्याची रेषा सांध्याच्या पुढे, बोटांवर येते. मग प्रत्येक पावलाला चामड्याची घडी बोटांच्या मुळाशी खुपते, सुरकुती खोल आणि तिरपी पडते, आणि दोन महिन्यांत पांढऱ्या शूवर ती काळी रेघ होऊन बसते. लोक म्हणतात चामडं हलकं निघालं. चामडं ठीक असतं, नंबर चुकलेला असतो.

तेव्हा लांबी पक्की करून घ्यायची आणि रुंदी चामड्याकडून मिळवायची. चामडं वापरात रुंदीला सैलावतं. लांबीला नाही, कारण पुढे टोकात आणि मागे टाचेत कडक साचा बसवलेला असतो.

आता पुढचा मुद्दा ओघानेच येतो: ते चामडंच आहे का? स्टॅन स्मिथ मुळात फ्रेंच खेळाडू रॉबर्ट हायये यांच्या नावाने साठच्या दशकात आला. १९७१ ची यूएस ओपन आणि १९७२ चं विम्बल्डन जिंकणाऱ्या अमेरिकी स्टॅन स्मिथ यांचं नाव त्याला नंतर मिळालं. तीन पट्ट्यांच्या जागी भोकांच्या तीन रांगा ही त्याची खूण. हा शू दशकानुदशकं चामड्याचा होता. २०२१ मध्ये अदिदासने नेहमीच्या स्टॅन स्मिथचं वरचं आवरण पुनर्वापरातून केलेल्या कृत्रिम पदार्थाचं केलं. चामड्याच्या आवृत्त्याही निघतात, पण दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या, आणि ऑनलाइन फोटोवरून ओळखणं अवघड. डब्यावर किंवा शूच्या आत छोटी चित्रं असतात, ती बघा. पसरलेल्या कातड्याचं चित्र म्हणजे चामडं. साधा चौकोन शंकरपाळ्यासारखा तिरका ठेवलेला असेल तर इतर पदार्थ, म्हणजे बहुधा कृत्रिम. कातड्याच्या आत शंकरपाळा असेल तर चामड्यावर जाड लेप. जाळीदार विणीचं चित्र म्हणजे कापड. चित्रांच्या रांगा तीन असतात: वरचं आवरण; अस्तर आणि सुखतळा (पायाखालचा आतला तळ); आणि बाहेरचा तळ. तुम्हाला हवी ती फक्त पहिली रांग.

कृत्रिम आवरण सैलावत नाही. पहिल्या दिवशी करंगळीला लागलं तर शंभराव्या दिवशीही लागणार. अरुंद पायाच्या माणसाने खुशाल घ्यावा, पुसायला सोपा आहे आणि पावसात पाणी लवकर पीत नाही. रुंद पायाने नाही. शिवाय आपल्या दमट हवेत, कोकणपट्टीत विशेषतः, पॉलियुरेथेनचा लेप काही वर्षांत चिकट होऊन पापुद्रे सोडतो. वापर कमी, डब्यात जास्त, असे शूज आधी जातात. सेलमध्ये मिळणाऱ्या जुन्या साठ्यातली जोडी घेताना वाकण्याच्या रेषेवर अंगठ्याने दाबून पाहा. बारीक भेगांचं जाळं दिसलं तर स्वस्त असली तरी ठेवून द्या.

क्लब सी ८५ मी पुढे ठेवला तो त्याच्या चामड्यामुळे. रिबॉकने १९८५ मध्ये कोर्टसाठी काढलेला हा शू मऊ, कपड्यांसाठी वापरतात त्या जातीच्या चामड्याचा आहे. अगदी पहिल्या दिवसापासून तो पायाचा आकार घेऊ लागतो. तोटाही त्याचाच: लवकर सुरकुततो, आणि कडक कोरा दिसणारा शू हवा असेल तर निराशा होईल. ऑफिसचा विचार करता स्टॅन स्मिथ जास्त ‘फॉर्मल’ दिसतो हे खरं, क्लब सीवर शिलाया जास्त आणि बाजूला चौकटीतलं कंपनीचं चिन्ह आहे. पण दिवसभर पायात राहणारी वस्तू आहे, आरशातली नाही.

किलशॉट दिसतो देखणा. पांढरट चामडं, टोकाला आणि बाजूंना स्वेडचे (मखमली पोताच्या चामड्याचे) तुकडे, खाली मधाच्या रंगाचा रबरी तळ. पण स्वेडचे तुकडे नेमके चवड्याच्या बाजूंवर शिवलेले आहेत, म्हणजे जिथे ताण हवा तिथे दोन थर आणि एक शिलाई. फर्माही मधल्या भागात अरुंद. ०.३८ च्या पायाला यूके ८ छान बसेल. तुमच्या पायाला साडेआठ घ्यावा लागेल आणि मग वर सांगितलेली सुरकुती आलीच. स्वेडचा पावसाळ्याशी उभा दावा असतो ते वेगळंच.

बाकीच्या नावांबद्दल दोन शब्द. के-स्विसचा क्लासिक १९६६ चा, चामड्याचा, लेससाठी भोकांऐवजी इंग्रजी डी अक्षरासारखी कडी. पायाचा वरचा फुगवटा उंच असणाऱ्यांना लेस सहज सैल करता येते म्हणून बरा. जॅक परसेल हा खरं तर बॅडमिंटनपटूच्या नावाचा कॅनव्हासचा शू, १९३५ चा. नंबराने मोठा येतो, अर्धा कमी घ्यावा. आणि कमी पैशांत जुनी धाटणीच हवी असेल तर बाटाचा पांढरा कॅनव्हासचा ‘टेनिस’ भारतातच १९३६ पासून आहे, शाळेत पीटीच्या तासाला ज्याला खडू फासून पांढरा करायचे तोच. दिवसभर चालायला त्याचा तळ पातळ पडतो आणि अर्धे नंबर बहुधा मिळत नाहीत. दोन तासांच्या फेरफटक्याला मात्र उत्तम.

फर्स्ट कॉपीवर हे सगळं लागू नाही. तिथे नंबर फक्त छापलेला असतो, फर्मा कुठलाही असू शकतो. पायात घालून घेतलीत तर घेतलीत, नंबर सांगून मागवू नका.

जोडी घरी आली की संध्याकाळी, स्वच्छ सतरंजीवर घालून पाहा. रस्त्यावर नको, तळाला एक ओरखडा आला की परत घेत नाहीत. लेस पूर्ण सैल करून पाय आत, टाच मागे ठोकून बसवायची, मग खालून वर लेस आवळत यायचं. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे १० मिमी जागा हवी, हाताच्या अंगठ्याच्या नखाच्या रुंदीपेक्षा थोडी कमी. टोक कडक असतं म्हणून वरून दाबून नेमकं कळत नाही. सुखतळा निघत असेल तर बाहेर काढून त्यावर उभं राहा. बोटापुढचं अंतर दिसतं आणि चवडा दोन्ही बाजूंना किती बाहेर येतो तेही. प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर बाहेर आला तर मऊ चामडं ते सांभाळून घेईल. पाच आले तर जोडी परत. सुखतळा डकवलेला असेल तर मात्र ओढून फाडू नका.

मग लेसच्या दोन पट्ट्यांमधली फट बघा. खालपासून वरपर्यंत सारखी, बोट-दीड बोट असेल तर शू पायाच्या घेराला योग्य. पट्ट्या एकमेकींना भिडल्या तर शू मोठा किंवा पाय सडपातळ. खाली जवळ आणि वर फाकलेली असेल तर पायाचा वरचा फुगवटा उंच. खाली चवड्याशीच फाकत असेल तर रुंदी कमी पडते आहे. या शेवटच्या बाबतीत लेस ओवण्यात थोडा इलाज आहे: भोकांच्या पहिल्या दोन जोड्यांमध्ये फुली न घालता लेस दोन्ही बाजूंनी सरळ वर न्यायची आणि तिसऱ्या जोडीपासून फुल्या सुरू करायच्या. चवड्यावरचा ताण लगेच उतरतो.

जिना उतरून पाहा. उतरताना बोटं पुढे टेकली तर लांबी कमी. चढताना टाच तीन-चार मिलिमीटर उचलली गेली तर घाबरू नका: रबराचा वाडगा करून त्यात वरचा भाग बसवून शिवलेला तळ नवा असताना वाकत नाही, म्हणून टाच सुटते. आठ-दहा दिवसांत तळ वाकू लागला की थांबतं. बोट आत जाईल इतकी टाच सुटत असेल तर नंबर मोठा आहे. तुमची टाचही सडपातळ असेल तर रुंद चवडा-सडपातळ टाच या जोडीला जिभेच्या आतून फेल्टची पातळ गादी चिकटवणं हा टाचेच्या गादीपेक्षा चांगला उपाय. जिभेची गादी पाय मागे ढकलते, टाचेची गादी पाय पुढे ढकलून बोटांची जागा खाते.

चामड्याचा शू एका जागी लागत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे लाकडी फर्म्यावर एक-दोन दिवस चढवून घ्या, लागणाऱ्या जागी खडूची खूण करून द्या. हेअर ड्रायरने तापवून पाय घालण्याची युक्ती करू नका. चामडं मऊ होण्याआधी तळाचा गोंद मऊ होतो आणि पुढच्या पावसात टोकाशी तळ उघडा पडतो.